सेकंदाला ९६० बाइट आणि पन्नास मुलं

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाने उद्दिष्ट ठरवलं: २००३ पर्यंत देशातल्या प्रत्येक शाळेत, तंत्रनिकेतनात, महाविद्यालयात, विद्यापीठात आणि सरकारी रुग्णालयात संगणक आणि इंटरनेट. युडायस या सरकारी शाळा-नोंदणीच्या २०२४-२५ च्या आकडेवारीत इंटरनेट असलेल्या शाळा ६३.५ टक्के आहेत. मुदत उलटून दोन दशकं झाली.

या उशिराबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला बोलायचंय ते त्या उद्दिष्टाच्या आतल्या एका निवडीबद्दल. शाळेत इंटरनेट म्हणजे प्रत्येक मुलापुढे पडदा आणि पडद्यावर वेबपान, हे चित्र सगळ्यांनी गृहीत धरलं. तेव्हाच्या फोनच्या तारेवर ते चालणं शक्यच नव्हतं. त्याच तारेवर मुलांची पत्रं मात्र उत्तम चालली असती. हा हिशेब करायला कागद-पेन्सिल पुरत होती.

सुरुवातीच्या जोडणीचा वेग ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट. सिरियल जोडणीवर एका बाइटच्या आठ बिटांना स्टार्ट आणि स्टॉप असे दोन बिट आणखी लागतात, म्हणून दहाने भागायचं: सेकंदाला ९६० बाइट. एक-दोन चित्रं असलेलं साधं वेबपान ५० केबीचं धरलं, तर ते उतरायला ५३ सेकंद. शाळेची तासिका ३५ मिनिटांची, २,१०० सेकंदांची. लाइन एकदाही तुटली नाही आणि कुणी नको त्या दुव्यावर टिचकी मारली नाही, तर अख्ख्या तासिकेत एकोणचाळीस पानं. पटावर मुलं पन्नास.

आता पत्रांचा हिशेब. पाचवीतल्या मुलाचं पानभर पत्र २ केबीत मावतं. पन्नास पत्रांचे १०० केबी, पाठवायला १०७ सेकंद. तेवढीच उत्तरं उतरवून घ्यायला आणखी १०७. डायल करून पासवर्ड स्वीकारला जाईपर्यंत एक मिनिट धरू. पाच मिनिटांच्या आत अख्खा वर्ग दूरच्या शाळेशी बोललेला असतो आणि फोन मुख्याध्यापकांना परत मिळालेला असतो.

पैशांचंही तसंच. २५० तासांच्या जोडणीला व्यक्तीसाठी ५,००० रुपये होते, संस्थेच्या स्लिप-पीपीपी (संगणक थेट इंटरनेटवर येतो अशा) जोडणीला १५,०००. म्हणजे शाळेसाठी तास ६० रुपयांना, फोनचं बिल वेगळं. रोज एक तासिका आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर १२८ तास होतात. एवढे खर्चून प्रत्येक मुलाला दिवसाला एक पान दिसत नाही. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं, असे चाळीस आठवडे केले तर वर्षाला ३ तास २० मिनिटं लागतात. २५० तासांत अशा पंचाहत्तर शाळांची टपाल निघते. तालुक्याच्या ठिकाणी एक संगणक, एक मोडेम (फोनच्या तारेवरून संगणक जोडणारं यंत्र) आणि एक खातं ठेवलं असतं, आणि शाळांना भेटी देणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या पिशवीतून फ्लॉपी फिरल्या असत्या, तरी ज्या शाळेत फोनच नाही तिथली मुलंही यात आली असती. अशा शाळाच तेव्हा बहुसंख्य होत्या.

फोन होता तिथेही तो डेटासाठी टाकलेला नव्हता. खेड्यांत बसवलेले बरेचसे सार्वजनिक फोन रेडिओवर चालणारे, त्यांवर आवाज कसाबसा पोचायचा; मोडेमचं जुळणं अवघड. तांब्याची तार असली तरी एक्स्चेंज जुनं असेल तर टोन डायलिंग चालत नसे, पल्स लागे. मोडेमला 'एटीडीटी' (टोनने डायल कर) याऐवजी 'एटीडीपी' (पल्सने डायल कर) असं सांगावं लागायचं, आणि हे ठाऊक नसेल तर मोडेम गप्प बसून राही. त्याहून जास्त छळणारी अडचण डायल टोनची. परदेशी बनावटीच्या मोडेमला आपल्याकडचा डायल टोन ओळखता येत नसे, त्यामुळे 'नो डायलटोन' असा संदेश येई आणि सगळे तार तपासत बसत. उपाय एका ओळीचा होता: विंडोज ९५ मध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या एक्स्ट्रा सेटिंग्जच्या चौकटीत 'एक्स३' लिहायचं. मग मोडेम टोनची वाट न पाहता डायल करतो, एंगेज टोन मात्र ओळखतो. कार्यालयात समांतर जोडलेल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कुणी उचलला की जोडणी तुटायचीच. तारेत क्षणभर खरखर झाल्यामुळे तुटत असेल तर एस१० हे रजिस्टर (सिग्नल गेल्यावर किती वेळ तग धरायचा ते ठरवणारा मोडेममधला आकडा) वाढवायचं. मूळ किंमत बहुतेक मोडेममध्ये १४ असते, म्हणजे १.४ सेकंद, ती ५० केली की पाच सेकंदांचा खंड सोसला जातो.

देणगीत आलेल्या जुन्या ३८६ यंत्रांची आणखी एक गोची होती. त्यांच्या सिरियल पोर्टवर ८२५० किंवा १६४५० ही चिप असे, जिच्यात एकाच बाइटपुरती जागा. विंडोज दुसऱ्या कामात असताना पुढचा बाइट आला की आधीचा गेला. वेगवान मोडेम आणूनही फाइल अडखळत येते, त्याचं कारण बऱ्याचदा हे. १६५५०ए चिपमध्ये सोळा बाइटांचा साठा असल्याने तिथे हा त्रास होत नसे. आणि पावसाळा! वीज कडाडली की फोनच्या तारेतून येणारा झटका मोडेम जाळून मदरबोर्डपर्यंत पोचायचा. शाळा सुटताना फोनची वायर भिंतीतून उपसून ठेवणं ही शिपायाच्या कामांत लिहून ठेवण्याजोगी गोष्ट होती.

मोठ्या शाळांनी दहा संगणकांची प्रयोगशाळा केली आणि एका मोडेमवर सगळे जोडायचं ठरवलं. विनगेटसारखा प्रॉक्सी (एकाची जोडणी सगळ्यांत वाटणारा प्रोग्रॅम) टाकला की हे जमायचं. पण २८.८ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी सेकंदाला २,८८० बाइट; दहांत वाटले की प्रत्येकाला २८८. जाळं स्वस्तात करायचं म्हणून आरजी-५८ ही कोअ‍ॅक्शियल केबल, प्रत्येक यंत्राला टी आकाराचा बीएनसी कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, आणि एकूण लांबी १८५ मीटरच्या आत. या रचनेत कुठलाही एक टी सैल झाला की दहाच्या दहा यंत्रं बंद पडतात, कारण तुटलेल्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो. बाकाखाली पाय हलवणारी मुलं आणि ही केबल यांचं जमणं कठीणच. दोष शोधायची रीत अशी: साखळीच्या मध्यावर तोडायची, तिथे टर्मिनेटर लावायचा, कोणता अर्धा भाग चालू होतो ते पाहायचं, मग उरलेल्याचा मध्य. दहा यंत्रांत चार पायऱ्यांच्या आत दोष सापडतो. शिवाय एनई२००० प्रकारचं स्वस्त नेटवर्क कार्ड कारखान्यातून बहुधा आयआरक्यू ३ वर (संगणकाचं लक्ष वेधण्याच्या तिसऱ्या क्रमांकाच्या वाटेवर) यायचं, आणि मोडेम कॉम२ या सिरियल पोर्टवर असेल तर तोही तिथेच. एक चालू केलं की दुसरं मेलं. कार्ड ५ किंवा १० वर हलवलं की भांडण मिटायचं. पण ते सांगणारा माणूस शहरात, आणि त्याची फेरी पुढच्या महिन्यात.

हे सगळं सांगायचं कारण असं की ही कामं रोजची होती आणि ती कुणाच्याच कामांत धरलेली नव्हती. गणिताच्या शिक्षकाने आपल्या तासिका सांभाळून हे करावं अशी अपेक्षा होती. त्यातून संगणकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत), म्हणजे बिघडला तर जबाबदारी नोंद ज्याच्या नावावर त्याची. खोलीला कुलूप लागायचं ते आळसाने नाही. वेतनेतर अनुदानातून खडू, झाडू, वीज आणि फोन भागवणाऱ्या शाळेने जळलेला मोडेम कशातून आणायचा, याचं उत्तर कुठल्याच योजनेत नव्हतं. १९८४-८५ मध्ये 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून सुरुवातीला २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले, तेव्हापासून यंत्र देणाऱ्याचं अंदाजपत्रक यंत्रापाशी थांबत आलं आहे. डिसेंबर २००४ च्या केंद्रीय आयसीटी योजनेनंतर महाराष्ट्रात 'बूट' पद्धत आली: कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षं चालवायची, मग शाळेच्या हवाली करायची. पाच वर्षं निदेशक असे, दुरुस्ती होई. सहाव्या वर्षी दोन्ही जात, आणि तोवर यंत्रंही म्हातारी झालेली असत.

पत्रांकडे येतो. ही कल्पना नुसती कागदावरची नव्हती. १९९० मध्ये नॉर्वेतल्या ओड द प्रेस्नो यांच्या पुढाकाराने 'किडलिंक' सुरू झालं, १० ते १५ वयाच्या मुलांसाठी, साध्या ईमेल याद्यांवर. आत यायचं तर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची: मी कोण आहे? मोठेपणी मला काय व्हायचंय? मी मोठा होईन तेव्हा जग कसं अधिक चांगलं असावं? त्यासाठी मी आत्ता काय करू शकतो? एवढ्या प्रश्नांवर कुठल्याही शिक्षकाला चार तासिका सहज घेता येतात, त्याही पाटी-वहीवर. त्याच सुमारास अमेरिकेत नॅशनल जिऑग्राफिकच्या 'किड्स नेटवर्क'मध्ये प्राथमिक शाळांतली मुलं आपापल्या गावच्या पावसाच्या पाण्याचा सामू मोजत, आकडे मोडेमवरून एका मध्यवर्ती संगणकाला पाठवत, आणि सगळीकडच्या आकड्यांचा मिळून झालेला नकाशा त्यांना परत मिळत असे. मोजायचं हाताने, विचार वर्गात, आणि तार फक्त आकडे न्यायला. कोकण, देश आणि विदर्भातल्या शाळांनी रोजच्या पर्जन्यमापकाचे आकडे असे एकमेकांना पाठवले असते तर? एका शाळेचे महिन्याचे आकडे एक केबीतही मावतात. भूगोलाच्या पुस्तकातली पर्जन्यछाया मुलांनी स्वतः काढलेल्या आलेखात दिसली असती. मला यातली हळहळ अजून लपवता येत नाही.

असा उपक्रम आठवड्यात बसवायचा तर सोमवारी पत्रं वहीत लिहायची, पाच-पाच जणांच्या गटाने एकमेकांची वाचायची. मंगळवार-बुधवार टंकन, त्यासाठी नेटवर्क नको, हार्ड डिस्क नसलेलं डॉसचं यंत्रही चालतं. फाइलचं नाव आठ अक्षरांत, गट आणि तारीख कळेल असं. गुरुवारी फ्लॉपी कार्यालयातल्या यंत्रावर, आधी विषाणू तपासणी, कारण बूट सेक्टरचे विषाणू शाळाशाळांतून फ्लॉपीवरूनच फिरत. पेगासस किंवा युडोरा यांसारख्या मोफत मिळणाऱ्या ईमेल प्रोग्रॅममध्ये सगळी पत्रं रांगेत लावून ठेवायची, आणि मगच डायल करायचं. एका दमात पाठवायचं, आलेलं उतरवायचं, फोन ठेवायचा. वाचन, छपाई, फळ्यावर लावणं, सगळं जोडणी तुटल्यावर. जवळ इंटरनेटचं केंद्र नसेल तर एसटीडी (परगावचा महागडा कॉल) लावावा लागे. तिथे पाच मिनिटं आणि ३५ मिनिटं यांतला फरक अंगावर येणारा होता. रात्री उशिरा एसटीडीचा दर पाव व्हायचा, आणि रांगेत लावलेली टपाल मध्यरात्रीही जाऊ शकते. वेबपान पाहायला मुलं मध्यरात्री कुठून आणणार?

यात बिघडणारी गोष्ट तांत्रिक नसते, वेळापत्रकाची असते. आपलं वर्ष जूनला सुरू होतं, परदेशातल्या शाळांचं बहुधा सप्टेंबरला. आपली दिवाळीची सुट्टी संपते आणि त्यांची नाताळची जवळ येते. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही की दहा वर्षांच्या मुलाच्या लेखी ते पत्र संपलेलं असतं. म्हणून दुसऱ्या शाळेशी बोलताना पहिला कागद सुट्ट्यांचा ठेवायचा. सलग सहा आठवडे दोन्हीकडे शाळा भरते असे तुकडे शोधायचे, वर्षात दोन-तीनच निघतात. आणि पन्नास मुलांनी पन्नासांना लिहायचं नाही. गटाने गटाला लिहिलं तर एक मूल आजारी पडल्याने दुसरं निराश होत नाही.

भाषेची अडचण मात्र खरी होती. मराठी लिहिण्यासाठी इस्की हे अक्षरांच्या संगणकी क्रमांकांचं प्रमाण १९९१ पासून ठरलेलं होतं, पण ते आठ बिटांचं, आणि जुन्या मेल सर्व्हरांतून सात बिटच सुखरूप जात. मजकूर यूयूएन्कोड करून (सात बिटांच्या साध्या चिन्हांत बदलून) पाठवला तर आकार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि पलीकडे उलगडणारा प्रोग्रॅम लागतो. त्यातून बहुतेकांकडे इस्की नव्हतंच. प्रत्येक फॉन्टची आपापली मांडणी, पाठवणाऱ्याचा फॉन्ट घेणाऱ्याकडे नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा. परदेशातली मराठी मंडळी यूजनेटच्या चर्चागटांवर रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स या प्रोग्रॅममुळे त्या रोमनमधून सुबक देवनागरी छापताही येत होती. शाळांसाठी वापरण्याजोगा मार्ग हा होता: एकाच जिल्ह्याने एकच फॉन्ट ठरवून त्याची फ्लॉपी सगळीकडे वाटणं एवढं जरी केलं असतं तरी आपसांतल्या पत्रांचा प्रश्न सुटत होता. युनिकोडची (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच प्रमाणाची) देवनागरी विंडोज २००० पासून मिळू लागली. शाळांत तेव्हा ९५ आणि ९८. मराठी विकिपीडियाच सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे कृतिदलाने दिलेली मुदत संपायच्या वर्षी. सगळ्या शाळा वेळेत जोडल्या गेल्या असत्या, तरी पाचवीतल्या मराठी मुलाने तिथे वाचायचं काय, हा प्रश्न होताच. आपल्या मुलांसाठीचा मराठी मजकूर बाहेरून येणार नव्हता. तो मुलांनी आणि शिक्षकांनीच लिहून एकमेकांना पाठवायचा होता. पत्रांच्या बाजूने माझा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत कालकाजी इथे सुगत मित्र यांनी एनआयआयटीच्या आवाराच्या भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं तो आपापली शिकली. पुढे हा प्रयोग आपल्या सिंधुदुर्गातही आला. त्यातून मुलांच्या कुतूहलाबद्दल जे कळलं ते मोलाचं आहे. पण भिंतीच्या पलीकडे एका संगणक कंपनीचं कार्यालय, तिची जोडणी आणि तिचे अभियंते होते. शाळेच्या भिंतीपलीकडे असं कुणी नसतं, हे या प्रयोगाचा दाखला देताना बहुतेकदा राहून जातं.

साठवून ठेवा आणि सवडीने वाटा, हे तत्त्व आजही कामाचं आहे. तेव्हा एका सीडीत ६५० एमबी मावत. ९६० बाइटांच्या तारेवरून तेवढं उतरवायला सलग १९७ तास लागले असते. आज शिक्षकाच्या मोबाइलवर ते काही मिनिटांत येतं, पण डोंगराआडच्या शाळेत वर्गात बसून तीस मुलांना एकाच वेळी मिळत नाही. तिथे किविक्स (विकिपीडियासारखी संकेतस्थळं इंटरनेटविना दाखवणारा) आणि कोलिब्री (धडे इंटरनेटविना वाटणारा) हे दोन मोफत प्रोग्रॅम वापरावेत. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, साधा वायफाय राउटर (त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं), आणि ६४ जीबीचं कार्ड. राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि मुलांनी वहीत लिहून घेतलेला क्रमांक चालत नाही. कोलिब्री ८०८० या पोर्टवर उघडतं. कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि नक्कल शेवटी येऊन अडकते. घरगुती राउटर पंधरा-वीस उपकरणांनंतर दमतात, म्हणून एका टॅबवर दोन-तीन मुलं बसवा, तसंही ती एकमेकांना सांगत जास्त शिकतात. अँड्रॉइड फोनला या वायफायवर इंटरनेट सापडत नाही, मग तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी सगळ्या फोनांचा मोबाइल डेटा बंद करायचा. लॅपटॉपही नसेल तर अँड्रॉइडवरच्या किविक्समध्ये पुस्तकं हॉटस्पॉटवरून वाटायची सोय आहे, पाच-सहा फोनांपुरती ती पुरते. मराठी विकिपीडियाची नवी झिम फाइल (किविक्स उघडतो ती, अख्खं संकेतस्थळ एकत्र बांधलेली) जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा, चांगली रेंज मिळेल तिथे उतरवून आणायची, आणि नवी फाइल उघडून दोन-चार पानं वाचून पाहिल्याशिवाय जुनी पुसायची नाही.